जुन्या छायाचित्रांतील पेहराव कसा वाचावा: नागपूरच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया आणि वस्त्रांचा अधिकार

नागपुरातील महाल, सीताबर्डी, धंतोली, सिव्हिल लाइन्स अशा भागांतील जुन्या घरांत अजूनही पेट्यांतून आणि काळ्या कागदाच्या अल्बममधून तीन-चार पिढ्यांपूर्वीच्या स्त्रियांची छायाचित्रे निघतात. ती पाहताना घरातली मंडळी बहुधा दोनच प्रश्न विचारतात: ही कोण, आणि हिच्या अंगावरचे दागिने पुढे कुठे गेले? माझ्या मते त्या चित्रांतून याहून पुष्कळ अधिक कळू शकते. ज्या काळात प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीच्या नावावर वाडा नव्हता, मालगुजारी (गावच्या जमिनीची आणि साऱ्याची मालकी) नव्हती आणि कचेरीत तिला जागाही नव्हती, त्या काळात वस्त्र निवडणे, नेसणे, देणे आणि नाकारणे हे तिच्या हातातले फार मोठे साधन होते. घरातली आणि समाजातली आपली पायरी ती त्यातून सांगत असे, राखत असे आणि प्रसंगी वाढवतही असे. हे वाचायचे कसे, यासंबंधी काही पद्धतशीर सूचना येथे देत आहे. आपल्या घरातले एखादे छायाचित्र समोर ठेवूनच हे वाचावे.

आधी छायाचित्राची परीक्षा करावी

पहिली गोष्ट रंगाची. एकोणिसाव्या शतकातील काचेच्या पट्ट्यांवर निळा रंग चटकन उमटे आणि तांबडा जवळजवळ उमटतच नसे; पुढे आलेल्या सुधारित फिल्मनाही तांबडा रंग बराच काळ नीट ओळखता येत नव्हता. सर्व रंगांना सारखा न्याय देणारी फिल्म १९२० नंतरच हळूहळू रूढ झाली. याचा परिणाम असा की लालभडक शालू जुन्या चित्रात काळा दिसतो, निळे लुगडे फिकट दिसते आणि कपाळावरचे कुंकू काजळाच्या ठिपक्यासारखे दिसते. म्हणून गडद दिसणारे प्रत्येक लुगडे चंद्रकळा, म्हणजे काळे लुगडे, समजू नये आणि फिकट लुगड्यावरून ती स्त्री विधवा होती असे तर मुळीच ठरवू नये. चित्र हाताने रंगवलेले असेल तर त्यातला रंग रंगाऱ्याच्या मर्जीचा असतो, त्याला पुरावा मानता येत नाही.

दुसरी गोष्ट बाजूंची. मराठी स्त्री नथ डाव्या नाकपुडीत घालते आणि पदर डाव्या खांद्यावरून घेते. चित्रात दोन्ही तिच्या उजव्या अंगाला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे, दिसले तर काच उलटी ठेवून छपाई झालेली असण्याचा संभव मोठा असतो. मात्र केवळ पदर तिच्या उजव्या खांद्यावर असेल आणि नथ जागच्या जागी असेल, तर गुजराती पद्धतीचे नेसण आहे का ते पाहावे. तिसरी गोष्ट म्हणजे स्टुडिओतले सामान. खुर्ची, फुलदाणी, मागचा रंगवलेला पडदा आणि कधी कधी हातातले पुस्तकसुद्धा स्टुडिओचेच असे. पुस्तक कोणाच्याही मालकीचे असो, ते हातात धरून चित्र काढवून घ्यावे असे त्या स्त्रीला किंवा तिच्या घराला वाटले, ही बाब मात्र नोंदवण्यासारखी आहे.

अंगावरचे सोने कोणाचे, हा प्रश्न विचारावा

शास्त्राने आणि रूढीने स्त्रीची म्हणून मानलेली मालमत्ता म्हणजे स्त्रीधन, आणि त्यात वस्त्रे व अलंकार हा मुख्य भाग. हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित का होईना पण हक्क देणारा कायदा १९३७ साली झाला आणि संपूर्ण मालकीची तरतूद १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आली. त्यामुळे त्याआधीच्या चित्रातल्या पाटल्या, गोठ, तोडे, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ, चिंचपेटी, वाकी ही नुसती हौस समजू नये. कठीण काळात जवळ राहील अशी ती तिची पुंजी होती. ती अंगावर घालून चारचौघींत बसणे म्हणजे आपल्याजवळ काय आहे आणि ते कोणी हिरावून घेतलेले नाही, हे सगळ्यांसमोर सांगणे होते.

ही गोष्ट नागपूरला फार कटु रीतीने शिकावी लागली. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये पुत्र नसताना वारले आणि १८५४ साली गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्यानंतर राजवाड्यातील जडजवाहीर आणि सामानसुमान यांवरच कंपनी सरकारचा डोळा गेला. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत कवडीमोलाने विकले गेले आणि जवाहीर विक्रीसाठी कोलकात्याला पाठवण्यात आले. दुसऱ्या रघुजींची विधवा बाकाबाई ही त्या वेळी घराण्यातली वडीलधारी स्त्री होती, आणि राजवाड्यातील चीजवस्तू राजघराण्याची खाजगी मालमत्ता आहे, ती राज्याची दौलत नव्हे, हा राण्यांचा मुख्य आक्षेप होता. राज्य गेल्यानंतरही या स्त्रिया अलंकारांसाठी इतक्या हिरिरीने का झगडल्या, हे समजायला स्त्रीधनाचा अर्थ आधी समजावा लागतो. त्यांच्या दृष्टीने प्रतिष्ठा, उपजीविका आणि पुढे दत्तक घेऊन घराणे उभे करण्याची ऐपत या तिन्ही गोष्टी त्या पेट्यांमध्ये होत्या.

तेव्हा आपल्या चित्रातील दागिन्यांची नावे लिहून घेताना प्रत्येक नावापुढे दोन रकाने ठेवावेत: माहेरचा की सासरचा, आणि पुढे कोणाकडे गेला. माहेरचे सोने जास्त घातलेली सून आणि सासरचे सोने जास्त घातलेली सून या दोघींचे घरातले बळ वेगवेगळ्या ठिकाणाहून येत असे. एकीच्या पाठीशी तिचे वडील आणि भाऊ उभे असत, तर दुसरीवर सासूची मर्जी असे.

देणारी कोण आणि घेणारी कोण, ते शोधावे

मराठी राज्यव्यवस्थेत पद मिळणे म्हणजे ‘वस्त्रे’ मिळणे. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून येत आणि नागपूरकर भोसल्यांच्या सेनासाहेबसुभा या पदाचाही उगम साताऱ्याच्या गादीकडेच होता. वस्त्र देणारा वरचा आणि ते मस्तकी लावून घेणारा खालचा, हा संकेत दरबारात सर्वांना ठाऊक होता. तोच संकेत वाड्याच्या माजघरात स्त्रियांनी आपल्या हाती घेतला, आणि माझ्या मते हा विषय इथेच सर्वांत रंजक होतो.

लग्नातला आहेर घ्या. कोणत्या विहिणीला शालू, कोणाला पैठणी, कोणाला नुसते जरीकाठी पातळ आणि कोणाला खणावर भागवायचे, हे पुरुष ठरवत नसत. घरातली कर्ती बाई तशी यादी करी, आणि त्या यादीत नात्यांची सारी प्रतवारी उतरत असे. मानाचे लुगडे हलके निघाले म्हणून वरमाय रुसली, या गोष्टीला आज आपण हसतो. पण त्या लुगड्यावरून तिचे स्थान जाहीर होणार होते आणि ते जाहीर होण्याची दुसरी जागाच तिला नव्हती. संक्रांतीचे हळदीकुंकू, चैत्रगौर, डोहाळजेवण, बारसे हे सगळे प्रसंग म्हणजे स्त्रियांचे दरबारच. कुंकू आधी कोणाला लावले, कोण जाजमावर बसली आणि कोण दाराशी, कोणाच्या ओटीत खण पडला आणि कोणाच्या ओटीत नुसते तांदूळ, हे पाहणाऱ्या डोळ्यांसाठीच पैठणी पेटीतून बाहेर निघत असे.

विदर्भात ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना आपण महालक्ष्म्या म्हणतो. त्यांना कोणती साडी नेसवायची, कोणाचा हार घालायचा आणि नेसवायला हात कोणाचा लागेल, हे आजही पुष्कळ घरांत थोरल्या सुनेकडे असते. महालक्ष्म्यांच्या पुढे घेतलेली छायाचित्रे म्हणूनच आवर्जून पाहावीत. मुखवट्यांच्या अंगावरची साडी आणि शेजारी उभ्या असलेल्या स्त्रियांच्या साड्या एकत्र पाहिल्या की घरातला क्रम बराच उलगडतो.

घरात लग्नाच्या यादी, कापडवाल्याच्या पावत्या किंवा सराफाच्या चिठ्ठ्या असतील तर त्या छायाचित्राशेजारी ठेवाव्यात. इतवारीच्या सराफ्यातील एखादी जुनी चिठ्ठी चित्रातल्या हाराचे वजन आणि साल सांगून जाते.

नेसण, काठ आणि पदर

माझ्या पाहण्यात महालातील एका कुटुंबाचे छायाचित्र आहे. वाड्याच्या चौकात जाजम अंथरलेले आहे, मध्ये खुर्चीवर एक वृद्ध स्त्री आहे आणि मागे तिच्या सुना उभ्या आहेत. वृद्धेच्या अंगावर एकही अलंकार नाही, डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला आहे, खांद्यावर शाल आहे आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे. सुनांपैकी दोघींच्या लुगड्यांचे काठ अगदी सारखे, तिसरीच्या लुगड्याचा काठ रुंद आणि पदर जड जरीचा. झगमगाटाकडेच पाहणाऱ्याला ती तिसरी सून घरातली मुख्य वाटेल. पण एकाच ताग्यातले वाटावेत असे दोन काठ दिसले की ते एका वेळी, एका हाताने घेतले गेले, म्हणजे सासूने दोघींना सारखे मापले, असा तर्क करता येतो. त्या घरातील आहेराच्या यादीवरून तिसरीचे लुगडे माहेरचे असल्याचे दिसते. किल्ल्या मात्र ज्या स्त्रीच्या अंगावर गुंजभर सोने नाही तिच्याकडे. चित्रातली सत्ता नेहमी सर्वांत झगमगीत जागी नसते, आणि हे ध्यानात ठेवले तर पुढच्या पुष्कळ चुका टळतात.

आता वस्त्राकडे वळावे. नऊवारी म्हणजे नऊ वार, सुमारे सव्वाआठ मीटर कापड. एवढे कापड रेशमाचे आणि त्यात खऱ्या जरीचे काठपदर असतील तर ते लुगडे दागिन्याच्याच मोलाचे. पैठणी ओळखायची असेल तर पदरावरचा मोर, आसावली (फुलवेल) किंवा कमळ पाहावे. प्रत्यक्ष वस्त्र हाती असेल तर पदर उलटून पाहावा, कारण अस्सल हातमागाच्या पैठणीची वीण दोन्ही अंगांनी सारखीच नीटस असते. छायाचित्रासाठी बसताना पदर पाठीमागे न सोडता मांडीवर किंवा पुढे हातावर पसरलेला असेल तर ते सहज घडलेले नाही. पदर दिसावा याची ती तजवीज आहे.

वस्त्र कोठून आले, यालाही अर्थ होता. नागपूर, उमरेड आणि पवनी येथले कोष्टी उत्तम रेशीमकाठी कापड विणत, आणि १८७७ पासून जमशेटजी टाटांची एम्प्रेस ही कापडगिरणी नागपुरातच उभी होती. तरीही प्रतिष्ठित घरांतील लग्नात येवला-पैठणची पैठणी, बनारसचा शालू, चंदेरी आणि महेश्वरी यांना अग्रमान असे, कारण दुरून मागवलेले वस्त्र घराची पोच आणि ऐपत दोन्ही सांगते. याला एक महत्त्वाचा अपवाद म्हणजे भंडाऱ्याकडील कोशाचे (टसर रेशमाचे) करवतकाठी लुगडे. टसरच्या मऊ, मातकट झळाळीवर करवतीच्या दात्यांसारखा काठ, आणि काठाचे व अंगाचे धागे एकमेकांत अडकवण्यासाठी तीन धोटे (आडवा धागा नेणारी मागावरची साधने) चालवण्याची कष्टाची रीत, यामुळे ते लगेच ओळखू येते. कोसा सोवळ्यात चालतो, म्हणून पूजेच्या चित्रांत तो दिसला तर आश्चर्य वाटू नये. सोवळ्याचा अधिकार हाही घरात अधिकारच होता.

नेसणीवरूनही बरेच कळते. ब्राह्मण घरांतला घट्ट कासोटा आणि मराठा सरदार घराण्यांतले घोट्यापर्यंत झाकणारे, डोक्यावर पदर घेतलेले नेसण यांत फरक आहे. सरदार घराण्यांत गोषा, म्हणजे पडदा, पाळला जाई. त्या घरांत स्त्री दिसू नये हाच मोठेपणा. म्हणून अशा घराण्याच्या जुन्या स्त्रियांची छायाचित्रे कमी मिळतात किंवा उशिराची मिळतात, आणि पहिल्यांदा चित्र काढवून घेणारी स्त्री कोण, तिने ते कोणासमोर काढवून घेतले, याची नोंद वेगळी करावी.

सिव्हिल लाइन्सचा काळ

१८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर राजधानी झाले, आणि वकील, अधिकारी, मालगुजार यांची नवी प्रतिष्ठा शहरात आली. तिच्यासोबत लांब बाह्यांचे, लेस लावलेले पोलके, खांद्यावर पदर अडकवणारा ब्रोच, मनगटी घड्याळ आणि शेवटी गोल पातळ (कासोटा न घालता नेसलेली साडी) या गोष्टी चित्रांत दिसू लागतात. साडी पोलक्या-परकरावर नव्या रीतीने नेसण्याची ही लाट मुंबईच्या पारशी स्त्रियांकडून ठाकूर घराण्याच्या सून ज्ञानदानंदिनी देवींनी बंगालपर्यंत नेली होती. या चित्रांत साडीच्या काठाखाली पाय पाहायला विसरू नये. पायात बूट किंवा चप्पल असेल तर तो धाडसाचा पुरावा आहे. लेखिका काशीबाई कानिटकर आणि डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी जोडे घालून व छत्री घेऊन रस्त्याने चालल्या तेव्हा लोकांनी त्यांना दगड मारले होते, कारण जोडा आणि छत्री ही पुरुषाच्या मानाची चिन्हे समजली जात.

मराठी राजघराण्यांतून याच सुमारास दोन निराळ्या वाटा निघाल्या. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या. त्यांच्या कन्या इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या, १९२२ मध्ये विधवा झाल्या आणि त्यांनी फ्रान्समधल्या शिफॉनच्या साड्यांची चाल रूढ केली. विधवेने कसे दिसावे याचे जे कडक नियम होते त्यांना एका मराठी स्त्रीने इतक्या डौलाने वळसा घातला, याचे मला फार अप्रूप वाटते. अर्थात हे करायला संस्थानाची दौलत पाठीशी होती, हेही खरे.

१९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले, १९२३ मध्ये येथेच झेंडा सत्याग्रह झाला आणि त्यात हिंदी कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांना अटक झाली. या वर्षांनंतरच्या चित्रांत श्रीमंत घरातली स्त्री जाड्याभरड्या खादीत दिसली तर ती गरिबी समजू नये. पैठणी नेसू शकणारीने ती बाजूला ठेवणे, हे देखील चारचौघांत उमटणारे विधान होते.

चित्रात कोण नाही, हे पाहिल्याशिवाय वाचन पुरे होत नाही

वस्त्राचा अधिकार मोठा होता म्हणूनच तो काहींना नाकारला जात होता. वाड्यातल्याच विधवेला केशवपन आणि तांबडे आलवण (विधवेचे साधे लुगडे). वाड्याबाहेरच्या दलित स्त्रीला तर कसे नेसावे आणि काय घालावे यावर गावाचा धाक. हे बाजूला ठेवून पैठण्यांचे कौतुक करणे मला मान्य नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर जे भाषण केले त्यात लुगडे घोट्यापर्यंत नीट नेसा आणि अस्पृश्यतेची खूण ठरणारे जड दागिने टाकून द्या, असे स्पष्ट सांगितले. प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया ज्या साधनाने आपली पायरी राखत होत्या तेच साधन त्यांनी सर्वांच्या हाती दिले. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपुरातच दलित महिलांची परिषद भरली, आणि समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे त्यांनी तेथे सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर जमलेल्या अथांग समुदायात शुभ्र वस्त्रे नेसलेल्या स्त्रिया होत्या. ज्या पांढऱ्या रंगाकडे सवर्ण घरांत अमंगळ म्हणून पाहिले जाई, तो त्या दिवशी स्वाभिमानाचा रंग झाला. नागपूरच्या घरांत अशा छायाचित्रांचाही मोठा ठेवा आहे. त्यांनाही याच पद्धतीने, तितक्याच बारकाईने वाचावे: साडी नवी घेतली होती का, कोणी आणली, कशी नेसली, आणि नंतर ती कोणासाठी जपून ठेवली.

विचारणे, नोंदवणे, जपणे

घरातल्या वृद्ध स्त्रियांना विचारताना ‘हे कधीचे’ असे विचारू नये. साल आठवत नाही आणि संभाषण तिथेच थांबते. त्याऐवजी ‘आजी, हे लुगडे तुमच्या सासूबाईंनी कोणाला दिले’, ‘हे नेसायला तुम्हाला परवानगी लागायची का’, ‘कोणत्या बाईसमोर तुम्ही हे मुद्दाम नेसायच्या’ असे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला आधी हसू येते आणि मग खरी माहिती येते.

नोंद छायाचित्राच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने करावी. बॉलपेनची शाई पुढे फुटते. नावे उभी-बसलेली अशा क्रमाने डावीकडून लिहावीत आणि ‘अमक्याची पत्नी’ न लिहिता त्या स्त्रीचे माहेरचे व सासरचे नाव दोन्ही लिहावे. मूळ लुगडे अजून घरात असेल तर ते धुतलेल्या मलमलीत गुंडाळावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत आणि वर्षातून एक-दोनदा घड्या बदलाव्यात, म्हणजे जरीचे धागे एकाच रेषेत तुटत नाहीत. जुन्या जरीत चांदी असते, त्यामुळे फाटके लुगडे जरीच्या भावाने विकत घेणारे लोक दारावर येतात. विकायचेच ठरले तर निदान आधी काठ, पदर आणि आतली बाजू यांची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत आणि पदराचा वीतभर तुकडा, त्या स्त्रीच्या नावाच्या चिठ्ठीसह, अल्बमच्या त्याच पानाशी ठेवावा.